जुनं फर्निचर ठेवावं की काढावं? नागपुरात नवं घर लावणाऱ्यांसाठी

बेसा, मनीषनगर, बेलतरोडीकडे फ्लॅट घेतला की पहिल्याच महिन्यात घरात एक वाद होतो. महालातल्या किंवा धरमपेठेतल्या जुन्या घरातून काय काय आणायचं? सासूबाईंना सगळंच आणायचं असतं, सुनेच्या मोबाईलमध्ये पांढऱ्या-करड्या बैठकीचे फोटो साठवलेले असतात आणि मधला माणूस "बघू नं" म्हणून तर्री-पोहे खायला बाहेर पडतो. इंटिरियरवाल्याला विचाराल तर तो सगळं काढा म्हणेल. त्याचं पोट नव्यावर आहे, त्यात त्याची चूक नाही.

माझं मत असं की हा वाद अख्ख्या घराचा करूच नये. तो एकेका वस्तूचा आहे, आणि वस्तूचा निकाल तिच्या तोंडाकडे पाहून नाही, सांगाड्याकडे पाहून लावावा. फॅशन बदलते ती रंगात, कापडात, मुठींत, पॉलिशमध्ये. सांगाडा धड असेल तर हे सगळं दर दहा वर्षांनी बदलता येतं. सांगाडाच भुशाचा असेल तर वरून काय वाट्टेल ते लावा, दोन पावसाळ्यांपुढे टिकणार नाही.

तान्ह्या पोळ्याला मुलं मिरवतात तो लाकडी नंदी मात्र या हिशोबातून बाहेर. तो जातोच सोबत, त्यावर चर्चा नाही.

१. आधी वस्तू रिकामी करा आणि उलटी करा

दिवाणखान्यात उभं राहून, हात मागे बांधून निर्णय घेऊ नका. खण बाहेर काढा, टेबल उलटं पाडा, पलंगाच्या फळ्या उचला. समोरून पॉलिश सगळं झाकतं. खालून आणि मागून लाकूड उघडं असतं.

पाहायचं काय, तर फळीची कड. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत गेल्या असतील तर लाकूड सलग आहे. कडेला थर दिसले तर प्लाय. थरांमध्ये जाड लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या दिसल्या तर ब्लॉकबोर्ड. एखादा स्क्रू काढून भोकात पाहा: भुशाचे दाणे दाबून बसवल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड, आणि पुठ्ठ्यासारखं गुळगुळीत दिसलं तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड. पार्टिकल बोर्डातला स्क्रू एकदा काढून परत लावला की पूर्वीसारखा धरत नाही, म्हणून असलं फर्निचर घर बदलताना खोलून-जोडून नेणं तसंही अवघडच.

लाकूड सलग निघालं तर खणाच्या तळाशी, जिथे पॉलिश नाही, तिथे चाकूच्या टोकाने हलकं खरवडा. साग सोनेरी-तपकिरी निघतो, बोटाला किंचित तेलकट लागतो आणि त्याचा वास एकदा ओळखला की विसरत नाही. शिसम गडद असतं आणि उचलताना दम काढतं. विदर्भातल्या जुन्या घरांत सागासोबत बिजाही सापडतो, तोच ज्याचे पेले करून रात्रभर त्यात पाणी ठेवतात. आंब्याचं लाकूड फिकट आणि किडीला लवकर बळी पडणारं.

साग निघाला तर जरा थांबा. चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्लीच्या जंगलांचा साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच साग रवाना झाला. आपल्याकडे तो शेजारच्या जिल्ह्यातून येत होता, म्हणून आजोबांच्या काळात साधा कारकूनही सागाचं टेबल करून घेऊ शकत होता. आज तसाच जाड, पक्क्या लाकडाचा साग विकत घ्यायला जाल तेव्हा भाव ऐकून कळेल.

आता सांधे. टेबलाचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरकं हलवा. जुन्या कामात एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी मारलेली असते. असा सांधा ढिला झाला तरी खोलून पुन्हा बसवता येतो. खिळ्यांवर उभं केलेलं फर्निचर हललं तर खिळा बसण्यापुरतं लाकूडच तिथे उरलेलं नसतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. जुनं म्हणजे चांगलं असं नाही. नव्वदच्या दशकात सनमायका मारून केलेला, काचेची दारं सरकणारा तो अजस्र शोकेस जुना आहे, पण त्याला वारसा म्हणू नका. बऱ्याच घरांत तो केवळ कोणी उचलायला तयार नाही म्हणून उभा आहे.

२. कोणता दोष दुरुस्त होतो आणि कोणता नाही

डाग, ओरखडे, उडालेलं पॉलिश, ढिले सांधे, गंजलेल्या बिजागऱ्या, फाटलेलं कुशन, तुटलेला वेत: हे दोष नाहीतच, ही देखभाल राहिली आहे. फळीला पडलेली चीरही पाचर घालून भरता येते.

कीड लागली असेल तर आधी कोणती ते ओळखा. खाली पिठासारखी अगदी बारीक भुकटी पडत असेल आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं असतील तर तो भुंगा. तो मुख्यतः लाकडाच्या कडेचा फिकट, कच्चा भाग खातो. सागाचा गाभा त्याला नको असतो. एवढी पट्टी बदलली, औषध मारलं की वस्तू वाचते. मातीच्या नळ्या भिंतीवरून चढून कपाटाच्या पाठीत शिरलेल्या दिसल्या तर ती वाळवी, आणि तिचं घर फर्निचरमध्ये नाही, जमिनीत आहे. तिथे नुसतं कपाट पुसून काही होत नाही. घराला पेस्ट कंट्रोल करावं लागतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक पायात किंवा चौकटीत दाबून पाहा. सहज आत गेलं तर आतून पोकळ झालंय. सोडून द्या. असं लाकूड नव्या फ्लॅटमध्ये नेण्यात अर्थ नाही.

पलंग असेल तर सांध्यांच्या फटीत टॉर्च मारून ढेकणांचे काळे ठिपके पाहा. दिसले तर वस्तू हलवण्याआधी उपचार, नंतर नाही. आणि गादी उन्हात टाका, पलंग टाकू नका. मे महिन्यातल्या गच्चीवरच्या उन्हात सागाची फळीही तडकते.

लोखंडी कपाटाचं सोपं आहे. कोणत्याही कंपनीचं असो, घरात त्याला गोदरेजच म्हणतात. तळाचा पत्रा गंजून जाळी झाला नसेल आणि दार सरळ मिटत असेल तर पावडर कोटिंग करून घ्या, रंग हवा तो मिळतो. असा जाड पत्रा आज स्वस्तातल्या कपाटात मिळत नाही.

३. काम कोणत्या महिन्यात करायचं

बाहेरगावाहून नागपुरात आलेल्यांना हे कोणी सांगत नाही आणि नुकसान मात्र इथेच होतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा कोरडी ठाक असते. लाकूड आकसतं. टेबलाच्या फळ्यांमध्ये फट दिसू लागते, खुर्ची कुरकुरते. जुलैत पाऊस धरला की तेच लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं आणि खण अडकतो, कपाटाचं दार घासतं. ही हालचाल फळीच्या रुंदीत होते, लांबीत जवळजवळ नाही. जाणते सुतार टेबलाची फळी चौकटीला पक्की चिकटवत नसत ते याचसाठी.

म्हणून दोन नियम. ऑगस्टमध्ये अडकलेल्या खणाला रंधा मारू देऊ नका. तेव्हा घासून बसवलेला खण पुढच्या मे महिन्यात खुळखुळा वाजतो. खणाच्या सरकपट्टीवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा आणि हिवाळ्याची वाट पाहा. दुसरं, मे महिन्यात दिसलेल्या फटीत पुट्टी भरू नका. पावसाळ्यात फळ्या फुगल्या की ती पुट्टी दाबली जाऊन वर येते, तुटते, आणि कुठे कुठे फळीच वाकते.

लाखेचं, म्हणजे चपडा आणि स्पिरिटचं पॉलिश पावसाळ्यात केलं तर ओल आत अडकून ते पांढुरकं दिसतं. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. कारागीर नेमके दिवाळीआधी सगळ्यांनाच हवे असतात, त्यामुळे दिवाळीनंतर बोलावलं तर भावही बरा मिळतो आणि कामही शांतपणे होतं.

आता कूलर. खस ओली झाली की वास छान येतो, पण त्या झोतात फर्निचर ठेवायचं नसतं. चार महिने ओली हवा आणि तुषार लागून पॉलिशवर पांढरे चट्टे येतात. टाकी गळून पाणी साचलं की सागाचा पाय काळा पडतो, तो घासून निघतो तरी. पार्टिकल बोर्डाची खालची कड मात्र एकदा फुगली की बसत नाही. कूलरच्या खिडकीसमोर काय ठेवायचं ते आधी ठरवा, आणि पायांना रबरी बूट घाला.

४. हिशोब घनफुटात करा

"दुरुस्तीला एवढा खर्च? त्यात नवं येईल" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. नवं येईल, पण कशाचं? सागाच्या टेबलाच्या दुरुस्तीची तुलना पार्टिकल बोर्डाच्या टेबलाशी करायची नसते.

एक उदाहरण. जुनं अभ्यासाचं टेबल घ्या. वरची फळी ५ फूट × अडीच फूट, १ इंच जाड: साधारण १.०४ घनफूट. अडीच इंची चौकोनी, ३० इंच उंचीचे चार पाय: ०.४३ घनफूट. चहूबाजूंची ३ इंची, १ इंच जाडीची पट्टी, एकूण १५ फूट: ०.३१ घनफूट. म्हणजे खण धरला नाही तरी टेबलात पावणेदोन घनफुटांच्या आसपास तयार लाकूड आहे. लकडगंजातल्या लाकूड बाजारात जाऊन वाळवलेल्या, गाठी नसलेल्या सागाचा घनफुटाचा भाव विचारा आणि गुणाकार करा. त्यात कापण्या-रंधण्यात जाणारं लाकूड वेगळं, मजुरी वेगळी. एवढं केल्यावर सुताराने दुरुस्तीचा सांगितलेला आकडा पुन्हा वाचा.

माझा ठोकताळा: त्याच लाकडाची तीच वस्तू नवी करायला जेवढे लागतील त्याच्या निम्म्यापर्यंत दुरुस्ती करावी. प्लायच्या वस्तूवर नव्या बिजागऱ्या आणि फार तर नवा सनमायका, त्यापुढे पैसा घालू नये. पार्टिकल बोर्डावर काहीच नाही.

५. मग नव्या घराचं माप

वस्तू राखण्यालायक ठरली तरी ती घरात शिरायला हवी. टेप घेऊन जा. बेडरूमचं दार साधारण ३ फुटांचं, चौकटीत त्याहून कमी जागा मिळते. लिफ्टची खोली आणि जिन्याचं वळणही मोजा. जुने पलंग आकड्यांनी (हुकांनी) जोडलेले असतात, ते खोलून आत नेता येतात. अडचण करतात ती अखंड कपाटं.

जुन्या पलंगाचं माप आजच्या तयार गादीशी जुळेलच असं नाही. त्यासाठी पलंग कापू नका, गादी मापाने करून घ्या. कापूस पिंजून गादी भरून देणारे अजून आहेत.

बंगईचा, म्हणजे झोपाळ्याचा, प्रश्न जास्त नाजूक आहे. जुन्या घरात ती तुळईला टांगलेली होती. फ्लॅटच्या स्लॅबमध्ये कोणाही मिस्त्रीकडून भोक पाडून हूक ठोकून घेऊ नका. झोका चालू असताना हुकावर पडणारा जोर बसलेल्या माणसाच्या वजनाहून जास्त असतो. बिल्डिंगच्या इंजिनिअरला विचारा, नाहीतर लोखंडी स्टँड करून त्यावर टांगा. पितळी कड्या असतील तर त्या जपा, चिंचेने घासल्या की बैठकीत त्यांच्याइतकं दुसरं काही चमकत नाही.

६. फॅशन वरच्या थराला करू द्या

हौस मोडायची गरज नाही. कुठे करायची ते फक्त ठरवा.

सोफ्याची सागाची चौकट ठेवा, आतला फोम बदला. बसायच्या जागी ४० डेन्सिटीचा घ्या, हलका फोम वर्षभरात दबतो. कापड गांधीबाग-इतवारीत फिरून स्वतः आणा. सोफ्याचं कापड बहुतेक ५४ इंच पन्ह्याचं असतं, त्या हिशोबाने मीटर काढायला सांगा. लालसर-काळं जुनं पॉलिश काढून लाकडाचा मूळ रंग ठेवला की तोच सोफा फोटोतल्यासारखा दिसतो. हल्लीचे महागडे फोटो नीट पाहा, त्यात फिकट साग आणि वेताची जाळी हेच तर आहे. आजीच्या खोलीतली जाळीची खुर्ची तुम्ही माळ्यावर टाकली, आणि तशीच आता दुकानातून आणताय.

वेताबद्दल थोडं सांगते. चौकटीच्या चारी बाजूंना छोटी छोटी भोकं असतील तर ती हाताने विणलेली जाळी. कारागीर वेत पाण्यात भिजवून मऊ करतो, भोकाभोकातून उभा, आडवा, मग तिरका ओवतो. सुकताना तो ताणला जातो आणि टणटणीत बसतो. चौकटीत खाच असून तयार जाळी दाबून बसवली असेल तर ते काम लवकर आणि स्वस्तात होतं. दोन्हीला उन्हाळा सोसत नाही, वेत कोरडा पडून तुटतो. एप्रिल-मे महिन्यांत अधूनमधून जाळीच्या खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा आणि रात्रभर त्यावर कोणी बसू नका. सैल झालेली जाळीही थोडी वर येते.

पॉलिश निवडताना वापर पाहा. लाखेचं पॉलिश सगळ्यात देखणं, पण गरम कप, पाणी आणि स्पिरिट यापैकी काहीच त्याला चालत नाही. देव्हारा, आरसा, कपाट यांना ते करा. जेवणाच्या टेबलाला मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. ज्यांना स्वतः हात लावायचाय त्यांनी जवसाच्या तेलापासून सुरुवात करावी: पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाकायचं, बस. पण तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि अशा गोळ्याला आपोआप आग लागू शकते. चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ऑइलपेंट मारलेलं जुनं फर्निचर असेल तर सावध. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. सँडपेपर पाण्यात भिजवून घासा, मास्क लावा आणि लहान मुलं व गरोदर बाई यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

७. सुताराशी बोलणं

तो पहिलं वाक्य हेच म्हणणार: "भाऊ, एवढ्या मेहनतीत नवं बनवून देतो नं." रागावू नका. जुन्या कामात वेळ जास्त आणि दाखवायला कमी, म्हणून त्याला ते नको असतं. आधी एकच खुर्ची द्या. काम पाहून बाकीचं.

खुर्ची परत आली की सांधे पाहा. जुनं वाळलेलं सरस खरवडून न काढता वरून फेविकॉल ओतला असेल तर तो धरणार नाही. खाचेच्या सांध्यात खिळा ठोकलेला दिसला तर माणूस बदला. चिकटवल्यावर दोरी किंवा शिकंजा आवळून एक अख्खा दिवस तसंच ठेवायला सांगा. लाकूडकाम आणि पॉलिश यांचे पैसे वेगळे ठरवा, कारण बहुतेक वेळा माणसं वेगळी असतात आणि एकाचा दोष दुसऱ्यावर जातो. पितळी मुठी, कड्या, कुलपं काम सुरू होण्याआधी स्वतः काढून पिशवीत ठेवा.

८. नवं घ्यायचंच असेल

दुकानात "टीक फिनिश" म्हणजे सागाचा रंग. साग नव्हे. "इंजिनिअर्ड वूड" म्हणजे बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ. असं बोर्डाचं फर्निचर घेणार असाल तर ई-१ किंवा ई-० दर्जाचं आहे का विचारा, त्यातून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू कमी सुटतो. करून घेणार असाल तर प्लायवरचा शिक्का वाचा: ओल लागणाऱ्या जागी आयएस ७१०, बाकी ठिकाणी आयएस ३०३. कडा चहूबाजूंनी बंद हव्यात, तळाचीही. दुकानदार तळ दाखवायला कुरकुरला तरी वाकून पाहा.

९. जे जाणार ते

आधी नात्यात विचारा, मोठ्यांना डावलून परस्पर विकू नका. फर्निचरवरून झालेली भांडणं वाटणीच्या भांडणांपेक्षा लांबतात. विकताना कीड असेल तर सांगा. कबाडीला देण्याआधी सलग फळ्या वेगळ्या काढा: मोडलेल्या पलंगाच्या फळ्यांतून चौरंग, दोन पाट आणि स्वयंपाकघरातली एक मांडणी सहज निघते. उरलेला साधा लाकूडफाटा चालेल, पण सनमायका, प्लाय, बोर्ड आणि ऑइलपेंटचे तुकडे होळीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालू नका. त्यांचा धूर विषारी असतो. ते कबाडीच्या गाडीतच जाऊ द्या.